आधी कळ, मग ठणका

पुढच्या वेळी ठेच लागेल तेव्हा एक गोष्ट लक्ष देऊन बघा. उंबऱ्याला करंगळी आपटते, तोंडातून 'आई गं' निघतं आणि एक लख्ख, टोकदार कळ डोक्यात जाते. ती लगेच ओसरते. मग जेमतेम सेकंदभर काहीच नसतं. वाटतं, वाचलो. आणि तेवढ्यात दुसरं दुखणं येतं, मंद, पसरट, ठोके देणारं. हा ठणका. कळ पाहुणी असते, ठणका मुक्कामाला येतो.

ही दोन दुखणी दोन वेगळ्या वाटांनी आलेली असतात. पायाच्या बोटाकडून पाठीच्या कण्याकडे जाणाऱ्या मज्जातंतूत काही धागे स्निग्ध वेष्टणात गुंडाळलेले असतात. त्यांतून निरोप सेकंदाला पाच ते तीस मीटर वेगानं धावतो. ती कळ. दुसरे धागे त्याहून बारीक आणि उघडे. त्यांतला निरोप सेकंदाला मीटरभर सरकतो. हा माणसाच्या चालण्याचा वेग आहे. पंढरीच्या वाटेवरची दिंडी साधारण ज्या चालीनं जाते, त्या चालीनं ठणका आपल्या पायातून वर निघालेला असतो. मधली ती शांतता म्हणजे त्याचा प्रवास.

मज्जातंतू म्हणजे काय हे आयुष्यात कधी ऐकलं नसेल अशा माणसांनी या दोन वाटांना दोन वेगळे शब्द देऊन ठेवले आहेत, याचं मला फार नवल वाटतं. आणि शब्द तरी दोनच थोडे आहेत! पाठीत उसण भरते. बरगडीत चमक मारते. डोक्यात तिडीक जाते. गळू ठुसठुसतं. हात वर धरून धरून दंडाला रग लागते. पोटरीत पेटका येतो. पोटात मुरडा येतो. ताप चढताना अंग कसकसतं. गुडघे 'धरतात', मान 'अवघडते', कंबर 'भरून येते'. मंगळवेढ्याकडच्या माझ्या आजीला हे सगळे शब्द तर यायचेच, पण कुठला शब्द ऐकला की शेक द्यायचा, कुठला ऐकला की तेल चोळायचं आणि कुठला ऐकला की मुकाट्यानं डॉक्टर गाठायचा, हेही पक्कं ठाऊक होतं.

कॅनडातल्या रोनाल्ड मेलझॅक या मानसशास्त्रज्ञानं नेमकं हेच काम इंग्रजीसाठी केलं. रुग्ण वेदनेसाठी जे शब्द वापरतात ते त्यानं जमवले, लावले, तोलले आणि १९७५ साली ७८ शब्दांची २० गटांत मांडलेली प्रश्नावली प्रसिद्ध केली. कारण 'किती दुखतं' याइतकंच 'कसं दुखतं' हे महत्त्वाचं असतं. मुंग्या येणं, सुया टोचणं, आग होणं, विजेचा झटका बसल्यासारखं वाटणं, बधिरपणा हे शब्द एकत्र आले की जाणता डॉक्टर सावध होतो. इथे स्नायू किंवा सांधा दुखत नसून निरोप नेणारा तंतूच बिघडला असण्याची शक्यता असते. मधुमेहात तळपायाची आग होते ती अशी. पायाला निखारा लागलेला नसतो, तार स्वतःच पेटलेली असते.

माझी कथा अगदी साधी आहे. अकरा वर्षांपूर्वी पाण्यानं भरलेली बादली उचलताना पाठीत उसण भरली. उसण आठ-पंधरा दिवसांत उतरते. माझी उतरली नाही. ती कंबरेत राहिली, पुढे डाव्या मांडीत उतरली, शब्द बदलत गेली. आधी चमक होती, मग ठणका, मग नुसतीच ओढ. एमआरआय झाला. मशीनमधून बाहेर आले तेव्हा मनात चोरटी आशा होती की काहीतरी सापडावं. अहवालात वयाप्रमाणे थोडी झीज होती, बाकी काही नाही. "तुम्हाला काहीही झालेलं नाही," असं मला आनंदानं सांगण्यात आलं. मी रिक्षात बसले आणि रडले. रस्त्यातला प्रत्येक खड्डा मला लागत होता आणि मला काहीही झालेलं नव्हतं.

या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, हे समजायला मला पुढची काही वर्षं लागली.

आपल्या सगळ्यांच्या मनात वेदनेचं एक चित्र असतं आणि ते फार जुनं आहे. देकार्त या फ्रेंच तत्त्वज्ञाच्या, त्याच्या मृत्यूनंतर छापल्या गेलेल्या एका ग्रंथात ते काढलेलं आहे. विस्तवाजवळ पाय नेलेला एक मुलगा आणि त्याच्या पावलापासून डोक्यापर्यंत गेलेला एक दोरा. खाली दोरा ओढला की वर घंटा वाजते. देवळातल्या घंटेसारखं सरळ. जितका जोरात हिसका, तितका मोठा नाद. म्हणजे जितकी इजा, तितकी वेदना.

आता दोन माणसं बघा. १९९५ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एका २९ वर्षांच्या बांधकाम कामगाराची हकीकत आली. त्यानं उडी मारली ती थेट १५ सेंटीमीटरच्या खिळ्यावर. खिळा बुटातून आरपार वर आलेला. वेदना इतकी की खिळा जरा हलवला तरी किंचाळत होता. त्याला गुंगीची आणि वेदनाशामक औषधं देऊन खिळा काढला, बूट काढला. पाऊल धडधाकट होतं. खिळा दोन बोटांच्या मधून गेला होता. साधा ओरखडाही नाही.

दुसरीकडे १९४४चं इटलीतलं अँझिओचं रणमैदान. हेन्री बीचर हा अमेरिकन भूलतज्ज्ञ गंभीर जखमी सैनिकांना विचारत होता, वेदनेसाठी काही औषध हवं का? मोडलेली हाडं, फाटलेली पोटं, आणि बहुतेकांनी सांगितलं, नको. ते खोटं बोलत नव्हते. बीचरच्या लक्षात आलं की या जखमेचा त्यांच्यासाठी अर्थ होता, युद्ध संपलं, आता घरी. पुढे १९७५ साली स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनमध्ये जॉन ह्यूज आणि हान्स कॉस्टरलिट्झ यांना मेंदूतच तयार होणारे अफूसारखे पदार्थ सापडले. वेदना शमवण्याचा कारखाना आपल्या आतच आहे, आणि तो कधी चालू करायचा हे मेंदू ठरवतो.

बांधकाम कामगाराची वेदना खोटी होती का? अजिबात नाही. आणि हेच मला पुन्हा पुन्हा सांगावंसं वाटतं. वेदना इजेचं मोजमाप करत नाही. धोका आहे की नाही याचा तो एक निवाडा असतो आणि तो निवाडा मेंदू देतो. चुकीचा निवाडासुद्धा तितकाच दुखतो.

या निवाड्याचं पहिलं ठाणं मेंदूतही नाही, पाठीच्या कण्यातच आहे. मूल पडलं की आपण काय करतो? "उठ, उठ, मुंगी मेली बघ!" असं म्हणत गुडघा चोळतो. १९६५ साली मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी मांडलं की मज्जारज्जूत जणू एक फाटक असतं. वेदनेचे बारीक धागे तिथे पोचतात, तसेच स्पर्शाचे जाड, वेगवान धागेही पोचतात. चोळण्यानं, दाबण्यानं स्पर्शाचे धागे जागे झाले की ते वेदनेच्या निरोपाला फाटकावरच अडवतात. शिवाय या फाटकाला वरूनही कडी आहे. मेंदूचं लक्ष, भीती, दिलासा यांनी ते उघडतं, मिटतं. त्यांच्या आराखड्यातले तपशील पुढे बदलले, मूळ कल्पना टिकली. म्हणजे आई गुडघा चोळत होती ती खालची कडी आणि मेलेली मुंगी शोधायला लावत होती ती वरची. फिजिओथेरपिस्टकडे आपण 'करंट' घेतो, तो त्याच फाटकावर ठेवलेला विजेचा हात असतो.

मिरचीचं इथे सांगितल्याशिवाय राहवत नाही. मिरच्या कांडल्या की रात्रभर हाताची आग होते. हात भाजलेला नसतो, तरी आपण 'आग' असाच शब्द वापरतो. १९९७ साली सॅन फ्रान्सिस्कोत डेव्हिड ज्युलियस यांच्या गटाला मिरचीतलं तिखट द्रव्य ज्या दाराला धडकतं ते दार सापडलं. मज्जातंतूच्या टोकावरचं ते दार साधारण ४३ अंश सेल्सियसच्या वर उष्णतेनंही उघडतं. चटका आणि तिखट दोन्ही एकाच दारातून आत येतात. शब्दशः आग. (पोपट मिरची मजेत खातो, कारण पक्ष्यांच्या त्या दाराला तिखट कळतच नाही.) बामातला मेन्थॉल तसाच गारव्याचं दार ढकलतो. या दारांच्या शोधासाठी ज्युलियस यांना आणि स्पर्श ओळखणाऱ्या दारांसाठी आर्डेम पातापुटियन यांना २०२१चं नोबेल मिळालं. नागीण होऊन गेल्यावर मागे राहणाऱ्या जळजळीवर आता मिरचीच्याच द्रव्याची तीव्र पट्टी लावतात. दार इतकं बडवायचं की ते काही आठवडे वाजेनासंच होतं.

पण माझी बादली अकरा वर्षांपूर्वीची. तो निवाडा अजून का बदलत नाही?

आजीच्या शेतात जोंधळा हुरड्याला आला की माळ्यावर राखणदार बसायचा. हातात गोफण. पाखरांचा थवा उतरला की दगड सुटायचा. आता समजा एका वर्षी पाखरांनी अर्धं शेत खाल्लं. पुढच्या वर्षी तोच राखणदार पान हललं तरी गोफण फिरवेल. वारा आला, दगड. सावली पडली, दगड. मग कणसं पाखरांपेक्षा दगडांनीच गळायला लागतील. मज्जारज्जूचं असं होतं. क्लिफर्ड वूल्फ यांनी १९८३ साली दाखवलं की वेदनेचे निरोप जोरानं येत राहिले की मज्जारज्जूतल्या पेशी स्वतःच हळव्या होतात. पूर्वी ज्या निरोपाकडे त्या लक्ष देत नव्हत्या, त्यालाही ओरडू लागतात. साधा स्पर्श, साधं वाकणं, खुर्चीची कड, सगळं दुखतं. जखम भरून गेलेली असते, राखणदार मात्र माळ्यावरून खाली उतरलेला नसतो. त्याला खोटारडा म्हणू नये. तो घाबरलेला आहे आणि आपलंच शेत राखतोय.

आता त्या एमआरआयबद्दल. आपल्याकडे 'मणक्यात गॅप आली', 'गादी सरकली' हे शब्द माणसाला कायमचे चिकटतात. २०१५ साली कसलंही दुखणं नसलेल्या ३,११० माणसांच्या मणक्यांच्या प्रतिमांचा एकत्रित अभ्यास प्रसिद्ध झाला. न दुखणाऱ्या विशीतल्या ३७ टक्के लोकांत गादीची झीज होती. ऐंशीतल्या ९६ टक्क्यांत. म्हणजे केसांचं पांढरं होणं तशी गादीची झीज. फोटोत दिसतं ते दुखेलच असं नाही आणि दुखतं ते फोटोत दिसेलच असं नाही. काही दुखण्यांत फोटो प्राण वाचवतो, हे खरंच. पण 'रिपोर्टमध्ये काही नाही' याचा अर्थ 'तुम्हाला काही नाही' असा होत नाही.

हे वैद्यकाच्या गळी उतरवण्यात एका पहिलवानाचा मोठा हात आहे. जॉन बोनिका इटलीतल्या एका लहानशा बेटावर जन्मला, अमेरिकेत वाढला आणि वैद्यकीचं शिक्षण कुस्त्या मारून पुरं केलं. मुखवटा घालून उतरायचा. दुसऱ्या महायुद्धात भूलतज्ज्ञ म्हणून त्याच्या हाती असे सैनिक आले ज्यांच्या जखमा भरल्या होत्या आणि दुखणं थांबत नव्हतं. आखाड्यात मोडलेलं त्याचं स्वतःचं शरीर जन्मभर दुखत राहिलं. त्यानं १९५३ साली वेदनेवर जाडजूड ग्रंथ लिहिला आणि पुढे वेदनेच्या अभ्यासाची आंतरराष्ट्रीय संघटना उभी केली. त्या संघटनेनं २०२० साली वेदनेची व्याख्या सुधारली आणि सोबत एक टीप जोडली: माणूस दुखतंय म्हणून सांगतो तेव्हा त्याच्या सांगण्याचा मान राखावा. २०२२पासून लागू झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगसूचीत तीन महिन्यांहून जास्त टिकणाऱ्या वेदनेला स्वतःची जागाही मिळाली आहे.

या सगळ्याचा रोजच्या संसाराला उपयोग काय? मला झाला, आणि तो ओट्यापाशी झाला. पूर्वी माझी रीत अशी की एखादा दिवस बरा उजाडला की सगळं उरकून घ्यायचं. माळे झाडायचे, गाद्या उन्हात टाकायच्या, पुरणाचा घाट घालायचा. संध्याकाळी कंबर धरायची आणि पुढचे तीन दिवस अंथरूण. बोनिकाच्याच विद्यापीठात विल्बर्ट फोर्डाइस नावाचा मानसशास्त्रज्ञ होता. १९७०च्या दशकात त्यानं रुग्णांना उलटं शिकवलं. दुखेपर्यंत काम करू नका आणि दुखतंय म्हणून थांबूही नका. काम किती करायचं ते आधी ठरवा आणि तेवढं झालं की थांबा, बरं वाटत असलं तरी. दरवेळी दुखलं की थांबणं म्हणजे राखणदाराला शाबासकी देणं. ठरवून थांबणं म्हणजे त्याला हळूहळू पटवणं, की बघ, एवढं झालं आणि शेत शाबूत आहे.

सांगायला सोपं आहे. प्रत्यक्षात चार भाकऱ्या झाल्या की गॅस बंद करून पाच मिनिटं पडायचं. पीठ मळलेलं, तवा तापलेला, आणि अंगात आणखी चार भाकऱ्यांची ताकद स्पष्ट जाणवत असताना. माझ्या सासूबाईंना हे सुरुवातीला आळसासारखं दिसायचं. आता त्या स्वतः म्हणतात, "चार झाल्या गं, ऊठ तिथून." बादली आता अर्धीच भरते, आणि दोनदा. ओट्यापाशी एक पाय पाटावर ठेवून उभी राहते, आलटून पालटून. पंगतीत मांडी घालायची वेळ आली की यजमानांना आधीच फोन करून खुर्ची मागते. हा फोन करायला मला पाच वर्षं लागली. चार भाकऱ्यांच्या सहा झाल्या तेव्हा मी तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवली.

सगळ्यात कठीण असतं ते 'दिसत तर काही नाही' हे वाक्य. कुबडी दिसते, व्हीलचेअर दिसते. ठणका दिसत नाही. लोकलमध्ये बसायला जागा मागताना आपल्याच तोंडावर आपल्याला काहीतरी दुखरं आणावं लागतं, आणि त्याची लाज वाटते. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यानं सात प्रकारांची यादी २१पर्यंत नेली. विदर्भातल्या, नंदुरबारच्या आदिवासी घरांना पिढ्यान्‌पिढ्या छळणारा, हाडं पिळवटणाऱ्या कळांचा सिकलसेल आजार त्यात आला, हे फार मोलाचं झालं. नुसती दीर्घकालीन वेदना मात्र त्या यादीत नाही. त्याच यादीत कुष्ठरोगातून बरी झालेली माणसं आहेत. तिथे मी थबकले, कारण त्यांची गोष्ट माझ्या बरोबर उलटी आहे.

पॉल ब्रँड हा इंग्रज शल्यविशारद १९१४ साली तमिळनाडूतल्या डोंगरांत जन्मला आणि पुढे वेल्लोरला आला. तोवर समज असा की कुष्ठरोगात बोटं सडून गळतात. ब्रँडनं बारकाईनं पाहिलं. रोग मज्जातंतू मारतो, त्यामुळे हाताला दुखणंच कळत नाही. माणूस गरम भांडं तसंच धरून ठेवतो, गंजलेलं कुलूप बोट फाटेस्तोवर पिळतो, खडा टोचत असताना दिवसभर चालतो. काहींची बोटं रात्रीतून नाहीशी व्हायची. रात्री पहारा ठेवला तेव्हा कळलं की उंदीर कुरतडत होते आणि झोपलेल्या माणसाला जागच येत नव्हती. मग रुग्णाला घरी पाठवताना सोबत मांजर द्यायची पद्धत पडली. वेदनेचं काम मांजरानं करायचं!

पुढे अमेरिकेत ब्रँडनं कृत्रिम वेदना तयार करायचा प्रयत्न केला. हातमोज्यांत, बुटांत दाब ओळखणारी यंत्रं बसवली. दाब वाढला की कानात आवाज. रुग्ण दुर्लक्ष करायचे. मग काखेत विजेचा झटका द्यायची सोय केली. तेव्हा रुग्ण काय करत? एखादं अवघड काम करायचं असलं की यंत्र बंद करून ठेवत. वेदनेचं बटण माणसाच्या हाती असून चालत नाही, असं ब्रँडच्या ध्यानात आलं. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिले. अकरा वर्षं मी ज्या बटणासाठी तळमळत होते, ते नसण्यावरच तर बाकी सगळ्यांचे हातपाय टिकून आहेत.

ही दोन टोकं महाराष्ट्रात एका जागी भेटली. ब्रँड जन्मला त्याच वर्षी, १९१४ साली, हिंगणघाटला मुरलीधर देवीदास आमटे, म्हणजे बाबा आमटे, जन्मले. त्यांनी वरोऱ्याजवळ १९४९ साली कुष्ठरुग्णांसाठी आनंदवन सुरू केलं आणि ज्यांच्या हातांना दुखणं कळत नव्हतं अशा माणसांनी तिथली खडकाळ जमीन पिकती केली. अशा हातांनी कुदळ धरायची तर रोज डोळ्यांनी तळवे तपासावे लागतात. ज्याची खबर वेदनेनं द्यायची ती नजरेनं घ्यायची. आणि या माणसांमधल्या बाबांचा कणा उतारवयाच्या कितीतरी आधी असा निकामी झाला की त्यांना बसता येत नसे. एक तर उभं राहायचं, नाहीतर आडवं पडायचं. भेटायला आलेला माणूस खुर्चीवर आणि बाबा खाटेवर, अशीच कित्येक संभाषणं झाली. आनंदवनात न दुखणारे हात आणि सतत दुखणारी पाठ एकमेकांशेजारी वर्षानुवर्षं कामाला लागलेली होती.

१९८५च्या डिसेंबरात बाबांची भारत जोडो यात्रा कन्याकुमारीहून काश्मीरकडे निघाली. तरुण मुलंमुली सायकलींवर होती, आणि सत्तरी ओलांडलेले बाबा सोबतच्या गाडीत, आडवे. त्या काळच्या रस्त्यांवरचा प्रत्येक खड्डा त्यांच्या मणक्यात कसा पोचला असेल, हे मला चांगलं ठाऊक आहे. आधी कळ, मग ठणका. गाडी सायकलींच्या चालीनंच चालत होती, एका मुक्कामाहून दुसऱ्या मुक्कामाला.